वेल्समधल्या ओसाड वास्तू बघायच्या असतील तर

तुम्ही विचारलंय की सध्या कार्डिफला शिकायला आहे, सह्याद्रीतले किल्ले पुष्कळ फिरून झालेत, आता इथल्या ग्रामीण भागातले ओसाड वाडे, चॅपेल, खाणकामगारांच्या वस्त्या बघायच्या आहेत. आत जाता येतं का, कायदा काय म्हणतो, धोका कितपत असतो आणि सुरुवात कुठून करावी? जुन्या इमारतींची पाहणी करून त्यांच्या दुरुस्तीचे अहवाल लिहिणं हा माझा व्यवसाय आहे आणि तो मी वेल्समध्येच करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गडकिल्ल्यांची एक सवय इथे बाजूला ठेवावी लागेल. आपल्याकडे पायवाट दिसली की माणूस वर चढतो, बुरुजावर जातो, कुणी अडवत नाही. इथे माळावरच्या चार पडक्या भिंतींनाही मालक असतो: शेतकरी, जुनी जहागीर, वनखातं, लष्कर, नाहीतर दूरच्या शहरातली एखादी कंपनी. म्हणून कुठलीही जागा डोक्यात आली की मी पहिला प्रश्न विचारतो तो ‘आत कसं जायचं’ हा नसतो. ही वास्तू ओसाड का पडली, हा असतो. या एका प्रश्नाच्या उत्तरावर बाकीचं सगळं ठरतं. खाण बंद पडली म्हणून गाव उठलं असेल तर धोका पायाखालच्या विहिरींचा असतो. वारसाहक्काचा कर भरता आला नाही म्हणून वाडा रिकामा झाला असेल तर मालक बहुधा अजून जवळपासच असतो आणि धोका कुजलेल्या तक्तपोशीचा असतो. लष्कराने गाव घेतलं असेल तर तिथे न फुटलेले बाँबगोळे असतात. कारण कळलं की कुणाला विचारायचं, कशाला घाबरायचं आणि नेमकं काय बघायचं, तिन्ही समजतं.

आधी कायदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये दुसऱ्याच्या जागेत नुसतं विनापरवानगी जाणं हा साधारणपणे फौजदारी गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. मालक निघून जायला सांगू शकतो, दावा लावू शकतो. पण रेल्वेची हद्द आणि लष्कराच्या ठरावीक जागा याला अपवाद आहेत, तिथे सरळ गुन्हा होतो. कुलूप तोडलं, खिडकीची फळी उचकटली तर मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा. आठवण म्हणून एखादा कोरीव तुकडा खिशात टाकला तर चोरी. संरक्षित स्मारकाला धक्का लावला तर त्याचा वेगळा कायदा आहे, तो वेल्सने २०२३ मध्ये नव्याने केला आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. शिवाय वटवाघळं. इथल्या सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे आणि वेल्समधले रिकामे वाडे, तळघरं, खाणींचे बोगदे ही त्यांची आवडती ठिकाणं. त्यांच्या वस्तीत जाणूनबुजून व्यत्यय आणणं हा गुन्हा आहे. तुम्ही विद्यार्थी व्हिसावर आहात; असल्या एखाद्या गुन्ह्याची नोंद किती महागात पडेल हे मी सांगायला नको.

याचा अर्थ दारं बंद आहेत असा मुळीच नाही. वेल्समध्ये सार्वजनिक पायवाटांचं दाट जाळं आहे, आणि २००० सालच्या कायद्यानुसार डोंगरमाथ्यांवरचा बराचसा माळ पायी फिरायला सर्वांना मोकळा आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा नकाशा घ्या. त्यावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या पायवाटा, आणि फिकट पिवळ्या रंगाचा भाग म्हणजे मोकळा माळ. कितीतरी उत्तम अवशेष अशा वाटांना अगदी खेटून आहेत. माझा सल्ला असा की पहिलं वर्षभर फक्त हेच बघा. एकाही कुंपणावर चढायची गरज पडणार नाही.

त्यातही सुरुवात वायव्य वेल्समधल्या स्लेटच्या प्रदेशापासून करा. आपण लहानपणी ज्या दगडी पाटीवर अक्षरं गिरवली तोच हा दगड. इथे त्याची घरांची छपरं झाली. हा सगळा प्रदेश जुलै २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. कार्डिफहून जायला जवळजवळ अख्खा दिवस प्रवासात जातो, म्हणून सलग तीन-चार दिवस हाताशी ठेवा. (गावांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, नकाशावरचं स्पेलिंग बरंच वेगळं दिसेल.)

मला सगळ्यात जास्त जवळची वाटते ती गोर्सेधायची खाण आणि तिची गिरणी. अनिस-अ-पांडी नावाची ही गिरणी पोर्थमाडोगच्या उत्तरेला एका उघड्या टेकाडावर उभी आहे. तीन मजली, कमानदार खिडक्यांच्या रांगा, वर छप्पर नाही. लांबून बघणाऱ्याला ते जुनं मठ-मंदिर वाटतं. १८५५ ते १८५७ या काळात ती स्लेटच्या लाद्या कापायला बांधली. आत भलंमोठं पाणचक्र होतं, त्याची खोल खाच आजही मधोमध दिसते. खाणीपासून गिरणीपर्यंत रूळ टाकले. त्या रुळांच्या कडेला, खाणीपाशी, प्रचंड दगडांची एक संरक्षक भिंत आहे, ती वर जाताना वाटेच्या अंगावर झुकत जाते. गवंडीकामात रस असेल तर नुसती ती बघायलाही जावं. कामगारांसाठी वर माळावर त्रेवोरिस नावाची वस्ती वसवली: तीन रस्ते, ३६ घरं. आणि एवढं सगळं उभं केल्यावर कळलं की डोंगरातला दगडच चांगला नाही. तो सरळ चिरत नव्हता, मालापेक्षा कचराच जास्त निघायचा. १८६७ मध्ये, म्हणजे गिरणी पुरी होऊन जेमतेम दहा वर्षांत, खाण बंद पडली. नंतर काही वर्षं गावकरी रिकाम्या गिरणीत कविता-गायनाचे आपले सोहळे भरवत, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छप्परही उतरवलं गेलं.

ही हकिगत माहीत असली की तिथे उभं राहून बघायला काय मिळतं ते बघा. गिरणीची उंची, खिडक्यांचा थाट, घडवलेले कोपऱ्यांचे दगड हे सगळं लंडनकडच्या भागधारकांना विश्वास वाटावा म्हणूनही होतं, असं मला ती इमारत बघताना ठामपणे वाटतं. कामाची जागा इतकी देखणी करायचं दुसरं कारण मला सापडत नाही. आणि त्रेवोरिसच्या घरांच्या जेमतेम उरलेल्या पायांमध्ये उभं राहिलं, वारा अंगावर घेतला, की तिथे कुटुंबं का टिकली नसतील हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी जागा कुमॉर्थिनची दरी. ब्लायनाय फेस्टिन्योगजवळच्या तानग्रिशाय गावातून ओढ्याच्या कडेने वाट वर चढते, तळ्याला वळसा घालते. वाटेत कामगारांच्या घरांची रांग, पुढे छप्पर उडालेलं चॅपेल, आणि तिथून जुन्या खडीच्या उतारावरून वर गेलं की रोसिदची खाण. तिथे पठारावर बराकींच्या रांगा आहेत. पुरुष सोमवारी वर जायचे, आठवडाभर तिथेच राहायचे, शनिवारी घरी उतरायचे. १९०० साली जमिनीखाली मोठी पडझड झाली आणि कित्येक दालनं एकदम कोसळली. त्यातून ही खाण कधी नीट सावरली नाही आणि १९३० मध्ये बंद झाली. लानबेरिसजवळ दिनॉर्विगला अशाच बराकी आहेत, समोरासमोर दोन रांगा, मधे दगडी गल्ली. अँगलसी बेटावरचे कामगार तिथे राहत, म्हणून त्यांना अँगलसी बराकी म्हणतात. वीज नाही, संडास नाहीत, आणि तरी त्या १९४८ पर्यंत वापरात होत्या. त्या वर्षी आरोग्य अधिकाऱ्याने त्या राहायला अयोग्य ठरवल्या.

खाणीच्या परिसरात एक नियम मात्र अजिबात मोडायचा नाही: बोगद्यात शिरायचं नाही. तोंडाशी हवा ताजी वाटते, पण जुन्या खाणींत प्राणवायू कमी असलेली हवा खोलगट भागात साचून राहते. तिला वास नसतो, रंग नसतो. मध्य वेल्समध्ये, कुमअस्तुइथसारख्या शिशाच्या खाणींच्या भागात, उभ्या विहिरी गवताखाली आहेत आणि काहींवर शंभर वर्षांपूर्वीच्या लाकडाचं झाकण आहे. तिथे मळलेली वाट सोडायची नाही. जमिनीखालचं बघायचंच असेल तर स्थानिक, अनुभवी, विमा असलेल्या गटाबरोबरच जावं.

आता वाडे. वेल्समधल्या जमीनदारांचे वाडे एकापाठोपाठ एक ओस पडले याची कारणं जवळजवळ ठरलेली: १८९४ पासून मृत्यूनंतर भरायचा वाढता कर, पहिल्या महायुद्धात मारले गेलेले वारस, जमिनी विकल्यामुळे आटलेलं उत्पन्न, आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याने घेतलेला ताबा. सैनिक गेल्यावर घरं इतकी खराब झालेली असत की मालक परतलेच नाहीत. कारफिलीजवळचा रुपेरा किल्ला हा १६२६ चा वाडा. १९४१ मध्ये तिथे सैन्य असताना आग लागली, आणि १९८२ मध्ये त्याचा एक बुरूज ढासळला. तो खासगी मालकीचा आहे.

कार्डिफहून सोयीचं म्हणून पियर्सफील्ड सुचवतो. रेल्वेने चेपस्टोला उतरा, वाय नदीच्या कडेची पायवाट या वाड्याच्या जुन्या उद्यानातून जाते. वाड्याचा आराखडा सर जॉन सोन या नामवंत वास्तुरचनाकाराचा, १७९० च्या दशकातला. ज्या सावकाराने काम काढलं त्याचं दिवाळं निघालं आणि अर्धवट वाडा विकत घेतला मार्क वुड याने. हा मार्क वुड ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला मुख्य अभियंता होता, कलकत्ता शहराचा १७८० च्या दशकातला नकाशा त्याच्याच मोजणीवरून झाला. म्हणजे आता वेलींनी भरलेल्या त्या भिंतींना लागलेला पैसा कुठून आला असेल हे ओळखायला आपल्याला वेळ लागू नये. १८०२ मध्ये त्याने वाडा नॅथॅनिएल वेल्सला विकला. हा सेंट किट्स बेटावरच्या मळेवाल्याचा, एका गुलाम स्त्रीपासून झालेला मुलगा. वडिलांची संपत्ती त्याला मिळाली, तो स्वतःही गुलामांचा मालक होता, आणि १८१८ मध्ये तो मॉनमथशरचा शेरीफ झाला. ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय शेरीफ तो हाच. वाड्याभोवती कुंपण आहे आणि ते योग्यच आहे. दर्शनी भाग बाहेरूनही डोळे भरून बघता येतो.

बाहेरून बघण्याबद्दलच थोडं जास्त लिहितो, कारण बहुतेकांना वाटतं आत गेल्याशिवाय काही दिसत नाही. छप्पर नसलेल्या घराची भिंत समोर ठेवा. जमिनीपासून सात-आठ फुटांवर चौकोनी खोबणांची सरळ रांग दिसली तर तिथे माडीच्या तुळया बसत होत्या. त्या रांगेच्या वर, अधांतरी, एखादी शेकोटी दिसली तर वर राहती खोली होती आणि घर बऱ्यापैकी सुस्थितीतलं होतं. त्रिकोणी भिंतीवर तिरकी रेघ दिसते का पाहा. ती असेल तर पूर्वी छप्पर खालच्या पातळीवर होतं आणि नंतर घर उंच केलं. दारखिडकीच्या कडेने एक सरळ उभी सांध मिळाली तर तिथे नंतर भर घातलीय. पडलेल्या स्लेटचा तुकडा उचलून बघा आणि तिथेच ठेवा: खिळ्याची भोकं कुठे आहेत, ती गंजाने मोठी झालीत का? चांगली स्लेट शंभर वर्षं सहज टिकते, तिला धरून ठेवणारा लोखंडी खिळा टिकत नाही. खिळा गंजतो, एक स्लेट घसरते, पाणी थेट भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडात उतरतं, ते कुजतं आणि त्याबरोबर अख्खं छप्पर खाली येतं. एवढ्या मोठ्या पडझडीची सुरुवात खूपदा इतकी लहान असते.

याच कारणाने, मालकाच्या परवानगीने आत जायची संधी मिळाली तरी माडीवर चढू नका. ‘भिंतीच्या कडेने चाला, तिथे तुळई भक्कम असते’ असं सर्रास सांगितलं जातं. ते ओल्या घरात धोक्याचं आहे, कारण तुळईचं टोक भिंतीत रुतलेलं असतं आणि सगळ्यात आधी तेच कुजतं. कोरड्या कुजीची बुरशी लागलेल्या घरात फरशीवर गेरूसारखी तांबूस भुकटी पडलेली दिसते. ती दिसली की मागे फिरा. वरून शाबूत दिसणारं लाकूड आतून पोकळ झालेलं असतं. विसाव्या शतकात ज्या इमारतींत भर घातली गेली, म्हणजे दवाखाने, कारखाने, बॉयलरच्या खोल्या, शेतावरची पन्हाळी पत्र्यांची छपरं, तिथे ॲस्बेस्टॉस असणार असं धरूनच चाला. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती थेट १९९९ मध्ये. कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे.

देवळांचं म्हणाल, तर तिथे विचारलं की किल्ली मिळते. एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये इतकी चॅपेलं उभी राहिली की नोंदींमध्ये ६,००० हून अधिक आहेत. त्यातली असंख्य आता बंद, विकलेली किंवा पडकी आहेत. जुन्या चर्चसाठी १९५७ मध्ये स्थापन झालेली ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ ही संस्था फार चांगलं काम करते. तिच्याकडचं कायर्नार्वनजवळचं लानवाग्लानचं सेंट बाग्लान चर्च शेताच्या मधोमध, समुद्राकडे तोंड करून उभं आहे. आत अठराव्या शतकातली, दारं असलेली लाकडी बाकं जशीच्या तशी आहेत. आत शिरताना दाराच्या वरच्या दगडाकडे बघायला विसरू नका: तो पाचव्या-सहाव्या शतकातला कोरीव लेख आहे, पुढे कुणीतरी तो दाराच्या चौकटीवरच्या आडव्या पट्टीसाठी वापरला.

दोन ठिकाणी मात्र माझा आवाज थोडा कडक होतो. एक, एपिंटचं पठार. १९४० मध्ये लष्कराने सरावासाठी ते ताब्यात घेतलं, ५४ घरं रिकामी करायला लावली, दोनशेहून अधिक माणसं आपली शेतं सोडून गेली. आजही तिथे गोळीबार चालतो. आतली पडकी घरं बघायच्या मोहाने हद्द ओलांडायची नाही. कडेने जाणारी एपिंट वे ही वाट आहे, तिच्यावरून फिरा. दुसरं, डेन्बीचं मनोरुग्णालय. इंग्लंडमध्ये पाठवलेल्या वेल्श रुग्णांची भाषा तिथे कुणाला कळत नसे, म्हणून हे १८४८ मध्ये सुरू झालं, १९९५ मध्ये बंद पडलं, २००८ च्या आगीत त्याचं मुख्य सभागृह जळालं. अशा जागी भुताखेतांचे व्हिडिओ काढायला लोक कुंपण तोडून शिरतात. ज्यांची आई, काका, बहीण तिथे राहिली ती कुटुंबं आजूबाजूच्या गावांतच आहेत. तुम्ही त्यात पडू नका, एवढं मनापासून सांगतो.

निघण्यापूर्वी घरबसल्या करायचा अभ्यास अर्धी मजा देतो. वेल्सच्या प्राचीन स्मारकांच्या रॉयल कमिशनचं कॉव्लाइन हे संकेतस्थळ आणि पुरातत्त्व नोंदींचं आर्खविल्यो, दोन्ही फुकट आहेत. सूचीबद्ध, म्हणजे कायद्याने संरक्षण दिलेल्या, इमारतींची माहिती सरकारी वारसा विभाग कादूच्या यादीत मिळते. जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने वेल्ससह ऑनलाइन ठेवलेत. आजच्या उपग्रह चित्रावर ते ठेवून बघितलं की एखाद्या झाडीत दडलेली वस्ती लख्ख समोर येते. अबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे १८४० च्या सुमाराचे, चर्चला द्यायच्या शेतसाऱ्यासाठी केलेले नकाशे आहेत, त्यात कुळाचं नावसुद्धा सापडतं, आणि १९१९ पर्यंतची वेल्श वर्तमानपत्रंही त्यांनी खुली केलीत.

परवानगी मागायची असेल तर पत्र छोटं ठेवा: तुम्ही कोण, काय बघायचंय, कोणत्या दिवशी, किती जण, फोटो कुठे वापरणार, आणि बाहेरूनच बघू देणार असाल तरी चालेल. हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. एकदा माणसं ओळखीची झाली की पुढच्या वेळी कुलूप काढून देणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत. शेतकऱ्याच्या दारात गेलात तर ‘बोरे दा’ (वेल्श भाषेत सुप्रभात) म्हणून सुरुवात करा, फाटक जसं होतं तसं बंद किंवा उघडं ठेवा, आणि मार्च ते मे या कोकरांच्या दिवसांत कळपाजवळून जाऊ नका. सप्टेंबरमध्ये कादूचा ‘ओपन डोअर्स’ उपक्रम असतो, तेव्हा एरवी बंद असलेल्या कितीतरी वास्तू मोफत बघता येतात. अवशेष बघायला सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारी-मार्च: नेचे आणि काटेरी झुडपं आडवी झालेली असतात, भिंती मोकळ्या दिसतात. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो हे लक्षात ठेवून परतीची वेळ ठरवा, आणि डोंगरात फोनला रेंज नसते म्हणून कुठे जाताय ते घरमालकाला नाहीतर मित्राला सांगून निघा.

आणि फिरताना एखाद्या सूचीबद्ध इमारतीचं छप्पर नुकतंच उघडं पडलेलं दिसलं, शिसं चोरीला गेलेलं दिसलं, तर तिथल्या काउन्सिलच्या वारसा-संवर्धन अधिकाऱ्याला फोटो, तारीख आणि नकाशावरचा ग्रिड क्रमांक ईमेलने कळवा. इमारत धोक्यात असेल तर तातडीची दुरुस्ती करून घ्यायचा आणि तिचा खर्च मालकाकडून वसूल करायचा अधिकार काउन्सिलला कायद्याने आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत वर पत्रा टाकला गेला तर तक्तपोशी वाचते.